गारठ्यातली पिकअप : दोष थंडीचा की उभ्या रात्रीचा?

डिसेंबर सरत आला की निफाडचा पारा वर्तमानपत्रांत झळकू लागतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद पाच अंशांच्या खाली गेली की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. त्याच आठवड्यात पिंपळगाव बसवंत, ओझर, लासलगाव भागातल्या रस्त्याकडेच्या गॅरेजांत एक तक्रार दिवसाला चार-चारदा ऐकू येते : सकाळी गाडी घेत नाही. गाडी बहुधा डिझेलवरची पिकअप असते. पहाटे भाजी किंवा दूध भरून निघायचे असते, सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, शेवटी गाडी धापा टाकत, थरथरत, पांढरा धूर सोडत चालू होते आणि दोन मिनिटांनी काही झालेच नाही अशी शांत चालते. दुपारी गॅरेजात नेली तर एका चावीत चालू होते. मिस्त्री बोनेट उघडून अंदाज सांगतो आणि अंदाज बहुधा एकच असतो : हीटर गेले.

कधी तो बरोबर असतो. पण हीटर बदलले, बॅटरी बदलली, मग नोझल काढून टेस्टिंगला दिले, तरी सकाळची तक्रार तशीच, असे किस्सेही पुष्कळ आहेत. या सगळ्या गोंधळाचे मूळ माझ्या मते एकाच ठिकाणी आहे. ‘थंडीत चालू होत नाही’ या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. गाडी थंड पडलेली असते, आणि ती आठ-दहा तास उभीही असते. काही दोष तापमानाचे असतात, काही निव्वळ उभे राहण्याचे. महाराष्ट्रातल्या थंडीत दुसऱ्या प्रकारचे दोष जेवढे धरले जातात त्याहून बरेच जास्त असावेत. म्हणून या प्रश्नाचा आढावा घेताना प्रत्येक सुट्या भागाला एकच प्रश्न विचारत जायचा : तुझे बिघडणे थंडीचे, की रात्रीच्या मुक्कामाचे?

आधी थंडीची बाजू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात नसते. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो पेट घेईल, ही रुडॉल्फ डिझेलची मूळ कल्पना. 1897 मध्ये त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले, त्यानंतर बाकी सारे बदलले तरी हा पाया तसाच आहे. आता ठोकळ हिशोब करू. हवा सतरा पट दाबली जाते असे धरले आणि दाबताना थोडी उष्णता सिलेंडरच्या भिंतींत जाते हेही धरले, तर बाहेर 30 अंश असताना दाबाच्या शेवटी हवा साधारण 435 अंशांना पोचते. बाहेर 5 अंश असतील तर तोच आकडा 375 च्या आसपास येतो. बाहेरचे 25 अंश आत 60 अंश होऊन बसतात. डिझेलची वाफ सव्वादोनशे अंशांच्या आसपासही पेटू शकते, पण तिला वेळ लागतो, आणि इंजिनाकडे वेळ नसतो. फवारा सुटल्यापासून काही हजारांश सेकंदांत पेटले पाहिजे, नाहीतर पिस्टन खाली निघून जातो. तापमान जितके उतरते तितका हा पेट घेण्याचा उशीर वाढतो. उशिरा पेटलेले डिझेल एकदम भडकते, त्याचा आवाज म्हणजे सकाळची ती खडखड. न पेटलेले डिझेल बारीक थेंबांच्या रूपात सायलेन्सरमधून बाहेर येते, तो म्हणजे डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर.

यात भर पडते ती सेल्फच्या वेगाची. इंजिन मिनिटाला 200 फेऱ्या फिरत असेल तर हवा दाबायच्या अर्ध्या फेऱ्याला सुमारे 0.15 सेकंद लागतो, आयडलला तोच अर्धा फेरा 0.04 सेकंदात संपतो. म्हणजे सेल्फवर असताना तापलेल्या हवेला थंड लोखंडाला उष्णता देऊन टाकायला आणि रिंगांच्या फटीतून निसटायला जवळपास चौपट सवड मिळते. सेल्फ मंद झाला की ही सवड आणखी वाढते. म्हणूनच बॅटरीचा दोष पुष्कळदा हीटरच्या दोषासारखा दिसतो.

एवढे समजले की धूर वाचता येतो, आणि निदानाची पहिली फाटाफूट धुरावरच होते. सेल्फ जोरात फिरतोय, पांढरा धूर येतोय आणि गाडी घेत नाही, तर डिझेल आत पोचते आहे, उष्णता कमी पडते आहे. सेल्फ जोरात फिरतोय पण सायलेन्सरमधून काहीच येत नाही, तर डिझेलच पोचत नाही, तिथे हीटरला दोष देण्यात अर्थ नाही. सेल्फ ओढून ओढून फिरत असेल तर बाकी सगळे विसरून आधी वीज पाहायची. आणि गाडी पटकन चालू होऊन दोन-चार सेकंदांत बंद पडत असेल, मग बराच वेळ सेल्फ मारावा लागत असेल, तर ती जवळपास स्वाक्षरी आहे : डिझेलच्या लाइनमध्ये हवा. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही येतच राहिला, त्याला डिझेलचा वास नसला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर मामला हेड गॅस्केटचा असतो. त्याचा थंडीशी फारसा संबंध नाही. हे सगळे गाडीवाल्याने पहाटे स्वतः पाहायचे असते. मिस्त्रीला दुपारी अकरा वाजता यातले काहीही दिसत नाही. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण, सेल्फचा आवाज आणि धूर दोन्ही टिपलेले, हे गॅरेजात नेण्यासारखे सर्वांत मोलाचे सामान.

दुसरी फाटाफूट थंडी आणि मुक्काम यांची. तिची कसोटी फुकट आहे. दुपारी गाडी गरम करून बंद करायची, दोन-तीन तास उन्हात उभी ठेवायची आणि मग चावी मारायची. इंजिन अजून कोमट आहे, हवा 25-28 अंश आहे, तरीही गाडी कुरकुरली तर हीटरचा विषयच संपला. आणखी एक युक्ती आहे. रात्री गाडी एकदा तोंड चढाकडे करून लावायची, एकदा उताराकडे. टाकी मागे असते, पंप पुढे. चढाकडे तोंड असताना लाइनमधले डिझेल टाकीकडे परत ओघळायला जास्त उतार मिळतो. दोन्ही सकाळींत ठळक फरक पडला तर दोष लाइनमध्ये शोधायचा. टाकी भरलेली असताना तक्रार नसणे आणि रिझर्व्हला आल्यावर असणे, हीही त्याच बाजूची खूण.

बॅटरीपासून सुरुवात करायची ती ती महाग असते म्हणून नाही, तिची परीक्षा स्वस्त असते म्हणून. शिसे-आम्लाच्या बॅटरीची सेल्फ फिरवण्याची ताकद 27 अंशांच्या तुलनेत शून्य अंशाला ढोबळमानाने एक तृतीयांशाने घटते. त्याच वेळी थंड ऑइल घट्ट झालेले असते, म्हणजे काम वाढते आणि कामगार अशक्त होतो. साधा मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी पाहिले आणि काटा 9.6 च्या खाली घसरत असेल तर बॅटरी किंवा सेल्फ यांपैकी एक आजारी आहे. पण बहुतेक जण इथेच थांबतात आणि नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात. पुढची पायरी अर्ध्या मिनिटाची आहे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरे थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवायचे आणि सेल्फ मारायचा. आदर्श आकडा शून्याजवळ. अर्धा व्होल्ट दिसला तर इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थची पट्टी गंजली आहे. शेतरस्त्यावर चिखल-पाण्यात धावणाऱ्या पिकअपमध्ये ही पट्टी हमखास खराब होते, आणि ती साफ करून घट्ट बसवायला पाना आणि सॅंडपेपर पुरतो. पॉझिटिव्हच्या जाड केबलचीही अशीच परीक्षा घेता येते.

ऑइलचेही इथेच उरकून घेऊ. डब्यावरच्या डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो. एसएईच्या जे-300 या मानकात 15डब्ल्यू ऑइलची सेल्फची परीक्षा उणे 20 अंशांना घेतात, 5डब्ल्यूची उणे 30 ला. निफाडच्या पाच अंशांत 15डब्ल्यू-40 अगदी पुरेसे आहे. कुणी ‘इंजिन जुने आहे, जाड ऑइल टाक’ म्हणून 20डब्ल्यू-50 भरले असेल आणि बॅटरी आधीच अर्धमेली असेल, तर सकाळी थोडा फरक पडेल, एवढेच.

आता हीटर, म्हणजे ग्लो प्लग. यांच्याबद्दलचा बराचसा समज जुन्या इंजिनांवरून आलेला आहे. महिंद्राच्या जुन्या जीपमधले प्यूजोच्या परवान्यावर बनलेले डिझेल इंजिन किंवा 2005 मध्ये आलेल्या टाटा एसचे, आपल्या छोट्या हत्तीचे, 702 सीसीचे दोन सिलेंडरी इंजिन, ही अप्रत्यक्ष फवाऱ्याची इंजिने. त्यांत डिझेल आधी एका छोट्या खोलीत फवारले जाते. त्या खोलीच्या भिंती जास्त, म्हणून उष्णता जास्त खातात. म्हणून हवा वीस-बावीस पट दाबावी लागते आणि वर प्लगची ऊब द्यावीच लागते. अशा इंजिनात प्लग मेले तर साध्या गारठ्यातही गाडी हट्टाला पेटते. थेट सिलेंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांचे तसे नाही. आपल्याकडच्या हवेत त्यांतली अनेक प्लगशिवायही चालू होतात, फक्त पहिले अर्धे मिनिट कुरकुरतात. काही जुन्या डीआय, म्हणजे अशाच थेट फवाऱ्याच्या, इंजिनांत तर प्लग नसतातच, आणि तरीही हीटर गेल्याचे निदान त्या गाड्यांच्या वाट्याला येते! प्लग आहेत की नाहीत हे मॅन्युअल बघून किंवा हेडवरची तार शोधून आधी पक्के करावे.

प्लग असतील तर त्यांची खूण ठरलेली. चारातला एक मेला असेल तर गाडी चालू होते, पण पहिली काही सेकंदे तीन सिलेंडरांवर थरथरते, पांढरा धूर सोडते आणि चौथे सिलेंडर तापले की सरळ होते. तपासायला प्लग काढावेच लागतात असे नाही. तार सोडवून प्रत्येक प्लगचा रोध मोजायचा. चांगल्या प्लगचा साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी येतो, मेलेल्याचा अनंत. क्लॅम्प मीटर असेल तर तेही नको : प्लगकडे जाणाऱ्या मुख्य तारेभोवती अडकवून चावी फिरवायची. चार प्लग मिळून चाळीस-पन्नास अँपिअर ओढत असतील आणि आकडा पाऊणपट दिसला तर एक गेला, निम्मा दिसला तर दोन. काहीच दिसले नाही तर दोष प्लगांत नाही, रिले, फ्यूज किंवा कंट्रोलरमध्ये आहे. चारही प्लग एकाच रात्रीत मरत नाहीत. डॅशबोर्डवरचा स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझला म्हणजे प्लग तापले असा विश्वास ठेवू नये. बऱ्याच गाड्यांत तो फक्त वेळ मोजतो.

इथे दोन इशारे द्यायला हवेत. नव्या गाड्यांतले कित्येक प्लग बारा व्होल्टचे नसतात. कंट्रोलर त्यांना कमी सरासरी व्होल्टेज तुकड्यातुकड्याने देतो आणि ते दोन-तीन सेकंदांत हजार अंशांच्या घरात जातात. असा प्लग बाहेर काढून थेट बॅटरीला लावून ‘लाल होतो का’ बघायची जुनी रीत वापरली तर चांगला प्लगही जळून जातो. दुसरे, जुना प्लग थंड इंजिनातून जोर लावून काढला तर हेडमध्येच तुटतो आणि दोन-चारशेचे काम हजारांवर जाते. इंजिन गरम असताना, गंज सोडवणारे तेल घालून, हळूहळू काढावा. आणि प्लग असलेल्या इंजिनात इथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नये. तापल्या प्लगवर इथर वेळेआधीच भडकते आणि पिस्टन, रिंगा, हेड यांतले काहीतरी फुटते.

डिझेल गोठले, हे निदान आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमी खरे. डिझेलमध्ये मेण विरघळलेले असते. थंडीत त्याचे स्फटिक होतात, आधी डिझेल धूसर दिसते, मग स्फटिक फिल्टरच्या कागदावर साचून वाट अडवतात आणि त्याहून खाली डिझेल ओतलेच जात नाही. भारतीय मानक आयएस 1460 प्रमाणे फिल्टर चोंदण्याची मर्यादा उन्हाळी डिझेलसाठी 18 अंश आहे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हिवाळी डिझेलसाठी 6 अंश. म्हणजे पंपावरच्या डिझेलने याहून वाईट वागायचे नाही. कागदावर निफाडची पहाट या मर्यादेच्या किंचित खाली जाऊ शकते. पण टाकीतले डिझेल हवेइतक्या लगेच थंड होत नाही आणि तो नीचांक तासा-दोन तासांचा असतो. शिवाय मेणाने फिल्टर चोंदला तर गाडी बहुधा चालू होते, आणि थोडे अंतर जाऊन दम तोडते, कारण फिल्टरमध्ये आधीचे डिझेल असते. चालू होतानाच त्रास आणि नंतर दिवसभर मजेत, हे मेणाचे लक्षण नव्हे. संशय आला तर काचेच्या बाटलीत टाकीतले थोडे डिझेल घेऊन रात्रभर गाडीशेजारी ठेवावे. सकाळी बाटली पारदर्शक असेल तर तो विषय संपला. तळाला पाण्याचा थर दिसला तर मात्र वेगळा विषय सुरू झाला, फिल्टरखालचा नळ सोडून पाणी काढायचा.

मेणाचा प्रश्न खरा आहे तो उत्तरेत. इकडे कांदा भरून, इकडेच टाकी भरून जम्मूकडे निघालेल्या गाडीच्या टाकीत महाराष्ट्राचे डिझेल असते. वर जाताना वाटेत टाकी रिकामी करून तिकडचे डिझेल घेत जाणे, हा जुन्या चालकांचा शहाणपणा आहे. लडाखमध्ये तर टाकीखाली जाळ करण्यापर्यंत आणि डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्यापर्यंत मजल जात असे. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत ओतता येणारे हिवाळी डिझेल आणले, ते पानिपतच्या रिफायनरीतून जाते. रॉकेलची सवय आपल्याकडे मात्र अजून कुठे कुठे टिकून आहे. जुन्या पंपांनी ती सोसली. कॉमन रेलचा, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून दाबाखाली डिझेल देणाऱ्या रचनेचा, उच्चदाब पंप डिझेलच्याच वंगणावर जगतो आणि रॉकेलचे वंगण फार कमी. पाच अंशांच्या थंडीसाठी त्या पंपाचा बळी देण्याचे काहीच कारण नाही.

आता माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत मोठा आरोपी : हवा. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन बऱ्याच गाड्यांत ओढीवर चालते. म्हणजे इंजिन चालू असताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. अशा लाइनला बारीक भेग पडली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे गळती डोळ्यांना दिसतच नाही. रात्री गाडी उभी राहिली की त्याच भेगेतून हवा शिरत राहते आणि लाइनमधले डिझेल हळूहळू टाकीत उतरते. सकाळी पंप आधी हवा ओढतो, मग डिझेल. भेग नेमकी कुठे? क्लिपखाली कडक झालेला रबरी पाइप, फिल्टर बदलताना पुन्हा तोच वापरलेला तांब्याचा वॉशर, हँड पंपचा झिजलेला व्हॉल्व्ह, फिल्टरच्या झाकणाची चपटी झालेली रिंग. आणि इथे थंडी मागच्या दाराने आत येते. गारठ्यात जुने रबर आकसते, कडक होते, उन्हाळ्यात घट्ट बसणारा जोड डिसेंबरात फट सोडतो. म्हणून तक्रार हिवाळ्यात सुरू होते आणि सगळे थंडीला बोल लावतात.

याची परीक्षा इतकी सोपी आहे की ती केल्याशिवाय कुणी पैसा खर्च करू नये. सकाळी चावीला हात लावण्याआधी फिल्टरवरचा हँड पंप कडक लागेपर्यंत दाबायचा, मग सेल्फ मारायचा. हँड पंप आधी मऊ लागला आणि दाबल्यावर गाडी पहिल्या फेऱ्यात घेतली, तर चोर सापडला. जागा शोधायची तर पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप जोडून बुडबुडे पाहावेत, आणि टाकीच्या बाजूने एकेक जोड मागे सरकत जावे. काही गाड्यांत टाकीतच विजेचा पंप असतो. तिथे लाइन दाबावर असते, हँड पंपही नसतो. मग चावी लावल्यावर तो पंप गुणगुणतो का, हे कान देऊन ऐकायचे आणि रात्री दाब धरून ठेवणारा एकमार्गी व्हॉल्व्ह तपासायचा.

कॉमन रेल आल्यावर या सगळ्यावर आणखी एक मजला चढला. मोटारींत हे तंत्र 1997 च्या अल्फा रोमिओ 156 पासून रुळले, आपल्या पिकअपमध्ये ते आता सर्रास आहे. बोलेरो पिकअपच्या बीएस-6 काळातल्या एम-टू-डीआयसीआर इंजिनाच्या नावातली शेवटची दोन अक्षरे त्याचीच. रेलमध्ये काही शे बार, साधारण दोन-अडीचशे, दाब तयार झाल्याशिवाय संगणक नोझल उघडायची आज्ञाच देत नाही. त्यामुळे झिजलेले नोझल रिटर्नच्या वाटेने जास्त डिझेल सोडत असेल तर सेल्फच्या मंद वेगात दाब जमत नाही, इंजिन फिरत राहते आणि धूरही येत नाही. तपासणी रिटर्नची : चारही नोझलच्या रिटर्न पाइपांना सारख्या बाटल्या लावून ठराविक वेळ इंजिन चालवायचे, किंवा नुसता सेल्फ मारायचा. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा झपाट्याने भरली तर ते नोझल दोषी. चारही सारख्या आणि जास्त भरल्या तर चारही म्हातारी झाली. नोझलांचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवे : ज्या कारखान्याला नाशिककर अजून मायको म्हणतात, तिथेच, आता बॉशच्या नावाखाली, डिझेलची नोझल आणि इंजेक्टर घडत आले आहेत. नाशिकच्या मिस्त्रींचा नोझलवरचा हात आणि विश्वास दोन्ही त्या शेजारातून आले असावेत. कदाचित म्हणूनच ती इथे गरजेपेक्षा जास्त वेळा काढली जातात.

जुन्या पंपाच्या गाडीत कोणते सिलेंडर मिस मारते हे शोधायला मिस्त्री चालू इंजिनावर नोझलच्या पाइपचा नट सैल करत. कॉमन रेलवर हे कधीही करू नये. तिथे चालत्या इंजिनात दाब हजार-दीड हजार बारच्या वर जातो. त्या धारेने कातडी भेदून डिझेल आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट किंवा हात कापावा लागण्याची वेळ येऊ शकते. मिस मारणारे सिलेंडर स्कॅनरवरच्या सुधारणेच्या आकड्यांतून शोधता येते.

स्कॅनरचा खरा उपयोग मात्र सकाळी, इंजिन चालू होण्याआधी आहे, आणि तो फार थोडे लोक करतात. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचे, आत येणाऱ्या हवेचे आणि डिझेलचे तापमान जवळपास सारखे असायला हवे. हवा 8 अंश, डिझेल 9 अंश आणि कूलंट 55 दाखवत असेल तर कूलंटचा सेन्सर खोटे बोलतो. संगणकाला वाटते इंजिन गरम आहे. तो प्लग तापवत नाही, थंड इंजिनासाठीचे जादा डिझेल देत नाही, फवाऱ्याची वेळ पुढे ओढत नाही. सेन्सर शेकड्यांत येतो. त्याच्या खोट्या साक्षीवर हजारोंचे नोझल बदलले गेलेले मी पाहिले आहे. याच बैठकीत सेल्फ मारताना रेलचा दाब किती आणि किती वेळात चढतो, हेही पाहून घ्यावे. अर्धवट उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारा, सकाळच्या थरथरीत भर घालतो खरा, पण तो दिवसभरही काळा धूर आणि सुस्ती देतो, त्यामुळे ओळखू येतो.

थंडी हीच खरी फिर्याद जिथे आहे, तो मुलूख आपला नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात किंवा कॅनडातल्या अल्बर्टात पिकअप उणे 30 मध्ये रात्र काढते. तिथल्या मोठ्या डिझेल पिकअपना दोन बॅटऱ्या असतात आणि रात्री इंजिनाच्या ब्लॉकमधला हीटर घरच्या प्लगला जोडून ठेवतात. 1989 पासून डॉज रॅममध्ये बसणाऱ्या कमिन्सच्या इंजिनात 2024 च्या मॉडेलपर्यंत ग्लो प्लग नव्हतेच. आत येणारी हवाच जाळीच्या हीटरने तापवली जाई. फोर्डच्या 7.3 लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये नोझल चालतात ते इंजिन ऑइलच्या दाबावर, म्हणून तिथे थंडीत घट्ट झालेले ऑइल थेट फवाराच बिघडवते, 15डब्ल्यूच्या जागी 5डब्ल्यू-40 टाकल्याने सकाळ बदलते. त्यानंतरच्या 6.0 लिटर इंजिनात नोझलना 48 व्होल्ट देणारा एक स्वतंत्र मॉड्यूल असतो. त्याचे व्होल्टेज 45 च्या खाली गेले की थंड इंजिन खडखडते. त्या गाड्यांचे मालक म्हणून आधी हा आकडा मोजतात. हे सांगण्याचे कारण इतकेच की इंटरनेटवर थंडीतल्या डिझेलविषयी जे सल्ले सापडतात ते बहुतेक या गाड्यांचे आणि या तापमानाचे असतात. पुण्यात कमिन्स 1962 पासून आहे म्हणून डकोटाचा सल्ला चाकणला लागू पडत नाही. निफाडमध्ये ब्लॉक हीटर बसवण्याचा खर्च ही निव्वळ हौस.

उरते कॉम्प्रेशन, ज्याच्यावर कुणाला बोलायला आवडत नाही. दोन-अडीच लाख किलोमीटर ओझे वाहिलेल्या इंजिनाच्या रिंगा आणि लायनर झिजलेले असतात. थंड असताना फटी मोठ्या, ऑइल खाली उतरलेले, त्यामुळे दाबलेली हवा निसटते आणि हवेबरोबर तिची उष्णताही. गरम झाल्यावर फटी भरतात आणि गाडी चांगली वाटते. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर भपका येतो का, ऑइल खाते का, चढावर पूर्वीसारखी ओढते का, हे प्रश्न आधी विचारावेत. नवे प्लग आणि नवी बॅटरी घालून असे इंजिन एखादा हिवाळा काढते, म्हणून मूळ दुखणे पुढच्या डिसेंबरपर्यंत झाकून राहते. इंजिन उघडण्याआधी व्हॉल्व्हचा गाळा तपासावा. तो कमी झाला असेल तर थंडीत व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन विनाकारण कमी येते. ते दुरुस्त करायला हेड उतरवावे लागत नाही.

कॉम्प्रेशन खरोखरच गेले असेल तर इंजिन बांधायचे काम द्राक्षाच्या हंगामात कुणी काढत नाही, काढूही नये. जानेवारी ते मार्च गाडी घरी उभी राहणे परवडत नाही. ते एप्रिल-मेला होईल. मोजणी मात्र आत्ताच करून घ्यावी. प्लग किंवा नोझलच्या छिद्रात गेज लावून, थंड इंजिनावर, पहाटेच, चारही सिलेंडरांचे आकडे लिहून ठेवायचे. एप्रिलच्या चाळीस अंशांत तेच इंजिन इतके नीट चालू होईल आणि गेजही इतके समाधानकारक वाचन देईल, की मिस्त्री आणि मालक दोघेही काम पुढे ढकलतील.